फोनची रिंग आणि छातीतली धडधड, यांच्या मधलं वाक्य

कास्तकाराला ‘चांगला विचार करा, सगळं चांगलं होईल’ असं सांगणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. आमच्याकडे हा सल्ला फार मिळतो. मेळाव्यात मिळतो, लग्नाच्या मांडवात मिळतो, व्हॉट्सॲपवर रोज सकाळी सूर्योदयाच्या चित्रासोबत मिळतो. वावर खरडून गेलेल्या माणसानं चांगला विचार करायचा म्हणजे नेमकं काय करायचं, ते मात्र कोणी सांगत नाही. विचारांचा भावनांशी संबंध असतो हे मी एका सरकारी दवाखान्याच्या लहानशा खोलीत, वहीत लिहून लिहून शिकलो. त्यात चांगला विचार करायची सक्ती कुठेच नव्हती. ते सगळं कसं झालं ते सांगतो, कारण आमच्या भागात या त्रासातून जाणारे पुष्कळ आहेत आणि त्यातून बाहेर कसं यायचं ते बोलणारे फार थोडे.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात, वणा नदीपासून जवळ. शेती कोरडवाहू. कपाशी, सोयाबीन, तूर. जुलै २०२२ मध्ये नदीला पूर आला तेव्हा हिंगणघाट-समुद्रपूर पट्ट्यातली कितीतरी शेतं खरडून गेली. आमच्याही नदीकडच्या वावरातली काळी माती गेली आणि खालचे गोटे उघडे पडले. दुसऱ्या साली सोयाबीनवर पिवळा मोझॅक हा रोग आला, ऐन शेंगा भरायच्या वेळी झाडं पिवळी पडून वाळली. पीक कर्ज थकलं, वरून हातउसने. इथपर्यंतची गोष्ट आमच्याकडे घरोघरी आहे, म्हणून लांबवत नाही.

माझ्या बाबतीत पुढचं सगळं शरीरात सुरू झालं. पहाटे तीनला जाग यायची ती मग डोळा लागायचाच नाही. छाती धडधडायची, हाताला मुंग्या यायच्या, ताटावर बसलं की घास फिरायचा. हार्टचंच काहीतरी आहे असं धरून तालुक्याला ईसीजी काढला. तो चांगला निघाला. तिथल्या डॉक्टरांनी झोपेचं विचारलं, घरचं विचारलं, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी मानसोपचार विभागात जायला चिठ्ठी दिली. बाबा म्हणाले, “मनाचं काय घेऊन बसला? वावरात जाय.” बायकोनं चिठ्ठी पदराच्या गाठीला बांधली आणि दुसऱ्या दिवशी मला बसमध्ये बसवलं.

तिथे आधी नऊ प्रश्न विचारतात. गेल्या दोन आठवड्यांत कामातला रस गेला, उदास वाटलं, झोप बिघडली, थकवा आला, भूक बिघडली, आपण कुचकामी आहोत असं वाटलं, लक्ष लागलं नाही, हालचाल मंदावली किंवा जीव थाऱ्यावर राहिला नाही, असं किती वेळा झालं? नववा प्रश्न मरणाच्या विचाराचा. प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण, एकूण २७. बेरीज १० किंवा त्याहून जास्त झाली की डॉक्टर नैराश्याच्या अंगानं नीट तपासतात. माझी त्याच्या बरीच वर गेली. नवव्या प्रश्नाचं माझं उत्तर शून्य नव्हतं, ते बायकोनं तिथे पहिल्यांदा ऐकलं.

डॉक्टरांनी गोळी दिली. तिचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं बंद करायची नाही, हे दोनदा सांगितलं. हे मी आधीच लिहून ठेवतो, कारण पुढे वहीबद्दल भरभरून सांगणार आहे. गोळीनं झोप आली नसती तर वही हातात धरायची ताकदच मला नव्हती. मी सावरलो त्यात गोळीचं श्रेय किती आणि वहीचं किती, हे मला वेगळं करता येत नाही.

वही सुरू झाली ती समुपदेशन करणाऱ्या ताईंमुळे. पहिल्या भेटीत मी पूर, मोझॅक, व्याज असं सगळं बोलत सुटलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “भाऊ, या आठवड्यात सगळ्यात जास्त धस्स कधी झालं?”

सोमवारी दुपारी, मी म्हटलं. जेवायला बसलो होतो. अनोळखी नंबरवरून फोन आला. बायको म्हणाली, “उचला ना जी.” मी उचलला नाही. ताट तसंच ठेवून बाजेवर जाऊन पडलो.

“फोन उचललाच नाही, म्हणजे कोणी काही बोललं नाही. रिंग वाजली तेव्हा डोक्यात काय आलं?”

बँकेचा फोन. आणि तो बँकेचाच होता, नंतर खात्री केली. मला वाटलं आता ताई म्हणतील की तसं समजू नका, दुसऱ्या कोणाचा असेल. त्या तसं म्हणाल्या नाहीत. त्यांनी कोऱ्या कागदावर वरच्या ओळीत लिहिलं, ‘फोन बँकेचा आहे.’ आणि विचारलं, “बरं, बँकेचा आहे. मग काय होईल?”

पैसे मागतील. मग? माझ्याजवळ नाहीत. मग? जीप घेऊन गावात येतील, चारचौघांत नाव घेतील. मग? बाबांनी जन्मभर कमावलेली इज्जत जाईल. त्याचा तुमच्या दृष्टीनं अर्थ काय? मी घर बुडवलं. आणि त्याचा अर्थ? इथे मी बराच वेळ गप्प होतो. मग म्हणालो, मी असण्यापेक्षा नसलेला बरा.

रिंगपासून या वाक्यापर्यंत यायला कागदावर अर्धा तास लागला. मनात त्याला दोन श्वाससुद्धा लागत नव्हते. मधली वाक्यं मला कधी ऐकूच आली नव्हती, कळायची ती फक्त धडधड. आरोन बेक नावाच्या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांना १९६० च्या दशकात आपल्या नैराश्याच्या रुग्णांमध्ये हेच आढळलं होतं. विचार आपोआप येतात, झटक्यात येतात, आणि रुग्ण ते सांगत नाही, कारण त्याला तो विचार वाटतच नाही. त्याला ती वस्तुस्थिती वाटते. बेक यांनी यावरच उपचारपद्धती उभी केली. ताईंनी मला हे सांगितलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं, की माझ्या डोक्यात जे चाललंय त्याला नाव आहे आणि ते दुसऱ्यांच्याही डोक्यात चालतं.

पुढच्या भेटीत तोच कागद. पहिल्या तीन ओळींपुढे त्यांनी बरोबरची खूण केली. फोन बँकेचा आहे, पैसे मागतील, तुमच्याजवळ नाहीत, हे खरं आहे आणि याच्याशी आपलं भांडण नाही, असं त्या म्हणाल्या. मला त्या क्षणी केवढा आधार वाटला ते सांगता येत नाही. तोवर प्रत्येकानं माझं खरं दुःख खोटं पाडायचा प्रयत्न केला होता.

चौथ्या ओळीवर त्या थांबल्या. गावात जीप येऊन नाव घेतल्याचं तुम्ही पाहिलंय का? जीप आलेली पाहिली होती. माणसं एका घरी बसली, कागद दाखवले, चहा घेतला, गेली. चारचौघांत नाव घेतल्याचं मी पाहिलं नव्हतं. म्हणजे ओळ अर्धी खरी.

‘मी घर बुडवलं’ या ओळीवर सगळ्यात जास्त वेळ गेला. ताईंनी एक मोठं वर्तुळ काढलं आणि म्हणाल्या, हे तुमचं सगळं कर्ज. यात कोणाकोणाचा वाटा आहे ते लिहा, स्वतःचा वाटा सगळ्यात शेवटी. पुराला मोठा तुकडा दिला. मोझॅकला दिला. बाबांच्या दवाखान्याला, पडलेल्या बाजारभावाला, महागलेल्या खताला दिला. शेवटी माझ्यासाठी काही उरलं, पण सगळं वर्तुळ उरलं नाही. इतकी वर्षं ते अख्खं माझ्याच नावावर होतं.

शेवटच्या ओळीसाठी त्यांनी बायकोला आत बोलावलं. तिनं कागद वाचला. ती रडली नाही, गोड बोलली नाही. बोटं मोजायला लागली. बाबाले दर महिन्याला दवाखान्यात कोन नेते, पोरीचा कॉलेजचा फार्म कोनं भरला, मोटारीचं फ्यूज गेलं तं रात्री कोन जाते. एका हाताची बोटं संपली तेव्हा दुसरा हात घेतला.

घरी आल्यावर वही सुरू केली. पोरीची जुनी गणिताची वही, मागची पानं कोरी होती. रकाने आखले. काय झालं. डोक्यात काय आलं. काय वाटलं, १०० पैकी किती. मग मी काय केलं. पहिले काही दिवस ‘डोक्यात काय आलं’ हा रकाना कोराच राहायचा, कारण राग आला एवढंच कळायचं. ताईंनी उपाय सांगितला, की अंगात बदल जाणवला, जबडा आवळला, पोटात खड्डा पडला, की त्याच मिनिटाला स्वतःला विचारायचं, आत्ता मी स्वतःशी काय बोललो? वावरात हात मातीचे, वही कुठून आणणार. मग धुऱ्यावर उभं राहून मोबाइलमध्ये बोलून ठेवायचो आणि संध्याकाळी उतरवायचो.

एक पान जसंच्या तसं देतो. काय झालं: कृषी केंद्रात चुलतभाऊ दिसला, न बोलता गाडी काढून गेला. डोक्यात काय आलं: पैसे मागीन म्हणून तोंड चुकवून राहिला. काय वाटलं: अपमान ७०, राग ६०. काय केलं: खत न घेताच घरी आलो. नंतर वाढवलेल्या रकान्यांत, हा विचार खरा असल्याचा पुरावा: मागच्या महिन्यात त्याला उसने मागितले होते, त्यानं नाही म्हटलं होतं. विरुद्धचा पुरावा: कानाला फोन होता, त्याची सोयाबीन निघाली नाही, दुबार पेरणी आहे. दुसरं काय म्हणता येईल: तोंड चुकवलं असेल, नाहीतर स्वतःच्याच घोरात असेल, मला माहीत नाही. आता किती: अपमान ४०, राग २०.

सत्तरचं शून्य कधीच झालं नाही. ताईंना ते अपेक्षितही नव्हतं. पण सत्तरवर माणूस घरी येऊन पडतो आणि चाळीसवर खताच्या दुकानात परत जाऊ शकतो. मी त्याच संध्याकाळी गेलो. माझ्या मते या सगळ्या खटाटोपाची किंमत या फरकात आहे.

याच सुमारास माझ्या मनातला मोठा अडथळा दूर झाला. मला भीती होती, की विचार बदलता बदलता मी पूर आणि पडलेला भावही ‘ठीक आहे’ म्हणायला लागेन. ताईंनी मला अल्बर्ट एलिस यांची मांडणी समजावली. हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ, १९५५ च्या सुमारास त्यांनी आपली पद्धत मांडली. मराठीत ती कि. मो. फडके यांनी आणली, विवेकनिष्ठ मानसोपचार या नावानं. एलिस दुःख आणि नैराश्य यांत फरक करतात, तसाच काळजी आणि भयानं गोठून जाणं यांत. पीक गेलं तर दुःख व्हावं, ते निरोगी आहे. पीक गेलं म्हणजे मीच वाया गेलो, या विचारातून जे येतं ते नैराश्य. दुःखी माणूस रडतो आणि उठून पंचनाम्याला तलाठ्याकडे जातो. निराश माणूस उठतच नाही. उपचार करायचा तो त्या न उठण्याचा.

मग पोळा आला. मागच्या सालापासून मी तोरणाखाली जाणं सोडलं होतं, जोडी सालदारासोबत पाठवायचो. ताईंनी यावेळी वहीत आधी भविष्य लिहायला लावलं, काय होईल असं वाटतं आणि किती खात्री आहे. मी लिहिलं: लोक कर्जाचा विषय काढतील, ९०. हसतील, ६०. मला तिथे थांबवणार नाही, अर्ध्यातून यावं लागेल, ८०.

शिंगांना हिंगूळ लावला, झूल टाकली आणि जोडी घेऊन मी स्वतः गेलो. तोरणाखाली जोड्या लागल्या, झडत्या म्हणजे पोळ्याची गाणी सुरू झाली, प्रत्येक झडतीच्या शेवटी सगळा गाव ‘हर बोला हर हर महादेव’ म्हणत होता. छाती धडधडत होती. पहिल्या माणसानं विचारलं ते आमच्या उजवीकडच्या बैलाचं, खांद्याची सूज उतरली का म्हणून. पुढचा त्याच्या पऱ्हाटीवरच्या बोंडअळीचं सांगत बसला. आणि मग एका काकानं विचारलंच, “बँकेचं काय करून राहिला रे बापू?” म्हणजे माझं भाकीत खरं ठरलं. मी म्हणालो, थकलं आहे, पुनर्गठनाचं विचारून राहिलो. काका म्हणाले, “माहंही मागच्या सालचंच भराचं हाये,” आणि तंबाखूची पुडी पुढे केली. हसलं कोणी नाही. तोरण तुटेपर्यंत मी तिथेच होतो. रात्री वहीत तिन्ही आकड्यांपुढे काय झालं ते लिहिलं. विषय निघाला, हे खरं. त्यानंतर जे होईल असं मी धरलं होतं ते झालं नाही. नुसतं बसून शंभरदा समजावलं असतं तरी मला हे पटलं नसतं, तिथे जाऊन उभं राहिल्यावर पटलं.

ऑक्टोबरात सोंगणी झाली, गंजी वावरात लागली आणि मळणीचा हडंबा दुसऱ्याकडे गुंतलेला. रात्री विजा चमकायला लागल्या. डोक्यात माळ सुरू झाली: गंजी भिजणार, दाणा काळा पडणार, कर्ज राहणार, याही साली मीच... या ‘मीच’वर मी उठून बसलो. ते वाक्य आता ओळखीचं झालं होतं. पहिली दोन वाक्यं खरी होती आणि त्यांच्यासाठी करण्यासारखं काही होतं. बायको, सालदार आणि मी ताडपत्री घेऊन निघालो. कडेनं गोटे ठेवले, गंजीभोवती चर काढला. भीती होतीच, साठच्या खाली नसेल. तरी त्या भीतीतच हात चालत होते. खालचा थर भिजलाच.

सकाळी पीक विम्याच्या ॲपवर नुकसानीची सूचना टाकली. त्या हंगामात, कापून वावरात वाळायला ठेवलेल्या पिकाचं पावसानं नुकसान झालं तर कापणीपासून १४ दिवसांपर्यंत संरक्षण होतं, पण सूचना ७२ तासांत द्यावी लागायची. ‘आता काय उपयोग’ म्हणत माणूस बाजेवर पडून राहायचा आणि हे ७२ तास निघून जायचे. मन कागदपत्रांपर्यंत असं पोचतं.

बाजारभावाचं दुखणं मात्र वहीत बसत नाही. त्या हंगामात, २०२४-२५ ला, सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल होता आणि बाजारात चार हजारांच्या आसपास बोली लागत होती. याचा मला राग आला. वहीत लिहून पाहिलं, तर विरुद्धचा पुरावा सापडेना. ताई म्हणाल्या, मग तो राग बरोबर आहे, त्याचं काय करायचं ते ठरवा. मी गावातल्या लोकांसोबत तहसीलला निवेदन द्यायला गेलो. कास्तकाराच्या अडचणींना नुसतं मनाचं दुखणं म्हणणाऱ्यांना माझा विरोध आहे आणि राहील. पण त्या अडचणींशी झुंजायला माणूस उभा पाहिजे, आणि तो उभा राहावा यासाठी गावागावांत अशी खोली, अशा ताई हव्यात.

ते अशक्य नाही. अमरावती जिल्ह्यातल्या काही गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम झाला. त्यात गावपातळीवरच्याच माणसांना प्रशिक्षण देऊन समुपदेशन उभं केलं. २०१७ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे आधी ४.३ टक्के होते, दीड वर्षात ते २७.२ टक्के झाले. राज्य सरकारनं २०१५ मध्ये १४ जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी प्रेरणा प्रकल्प सुरू केला. आशाताई आमच्याकडे लसीकरणाला येतात, बाळंतिणीला येतात. त्यांच्याजवळ हा विषय काढायला लाजू नये, एवढं मी आता गावात उघड सांगतो. बाबांना अजूनही हे सगळं पटलेलं नाही. बायको मात्र स्वतःची वेगळी वही ठेवते आणि ती मला दाखवत नाही.

गोळी डॉक्टरांनी हळूहळू कमी करून बंद केली. वही आता रोज निघत नाही, छातीत धस्स झालं की निघते.

एक गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवली. पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी माझ्यासमोर बायकोला विचारलं होतं, की फवारणीचं औषध घरात कुठे ठेवता. त्याच संध्याकाळी तिनं सगळे डबे तिच्या भावाच्या घरी नेऊन कुलपात ठेवले, आणि अजूनही लागतील तेवढेच तिथून येतात. तुमचं किंवा तुमच्या घरच्या कोणाचं त्या नवव्या प्रश्नाचं उत्तर शून्य नसेल, तर वहीपासून सुरुवात करू नका. आधी हे करा. घरातल्या एका तरी माणसाला सांगा. १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, पैसे लागत नाहीत, रात्री-अपरात्री लागतो आणि मराठीत बोलता येतं. दवाखान्यात जाताना सोबत कोणाला तरी न्या, कारण डॉक्टर काय म्हणाले यातलं निम्मं त्या दिवशी आपल्या लक्षात राहत नाही.